हाताला काम, पाठीशी माणूस

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील केळापूर तालुका नावाने केळापूरचा असला, तरी त्याचा सारा कारभार पांढरकवड्याहून चालतो. नागपूरहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग या तालुक्यातून जातो आणि पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा ओलांडली, की तेलंगणाची हद्द सुरू होते. काळ्या जमिनीत कापूस आणि तूर, डोंगरउतारांवर साग आणि बांबू, एका अंगाला टिपेश्वरचे अभयारण्य, असा हा मुलूख आहे. मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या चार भाषा येथे शेजारी शेजारी नांदतात.

अशा भागातील शाळेचा हजेरीपट वर्षभर सारखा राहत नाही. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीचा हंगाम भरात आला, की वरच्या वर्गांतील नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. घरातील मोठी माणसे शेतात गेली, म्हणजे धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मुलगी घरी राहते. मुलगा वेचणीला किंवा गुरांमागे जातो. महिन्याभराने तो वर्गात परत येतो, तेव्हा गणित भागाकारावरून अपूर्णांकावर गेलेले असते. त्याला काही उमगत नाही आणि विचारण्याचा संकोच वाटतो. पुढील हंगामात तो परत येतोच असे नाही. शाळा सोडण्याचा म्हणून काही एक ठरलेला दिवस नसतो. ती हळूहळू सुटत जाते आणि बहुधा ती सुटल्याचे कागदावर उमटेपर्यंत वर्ष सरलेले असते.

२००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकार अधिनियमाने ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूदही त्यात आहे. तथापि, हक्काने मूल शाळेच्या दारापर्यंत येते. ते आत टिकावे यासाठी निराळे काही करावे लागते. हाताने करावयाचे उपयुक्त काम आणि आपुलकीने विचारपूस करणारे एक वडीलधारे माणूस, या दोन गोष्टींचा त्यासाठी काय उपयोग होऊ शकतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कोणाची शाळा सुटते?

पहिला विचार कोलाम मुलांचा. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींची विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंद आहे, त्यांत कातकरी आणि माडिया गोंड यांच्यासह कोलामांचा समावेश होतो. कोलामांची वस्ती बहुधा मुख्य गावापासून थोडी दूर, रानाच्या कडेला असते. तिला पोड म्हणतात. कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा आहे आणि तिला स्वतःची लिपी नाही. पोडावरचे सहा वर्षांचे मूल प्रथमच शाळेत येते, तेव्हा पाठ्यपुस्तकाची भाषा त्याच्या आईची भाषा नसते. गुरुजींचा प्रश्न न समजल्याने ते गप्प राहते आणि त्या गप्प राहण्यावरून ते ‘मंद’ ठरते. हा निर्णय एकदा झाला, की तो पुसून काढणे अवघड जाते, कारण तो मुलालाही पटू लागतो.

दुसरा गट कर्त्या माणसाच्या मृत्यूने उघड्या पडलेल्या घरांतील मुलांचा. कापसाच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी यवतमाळ जिल्ह्याचे नाव गेली दोन दशके देशभर घेतले गेले. मागे राहिलेल्या पत्नीच्या हालांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, मुलांविषयी कमी. वडील गेल्यानंतर थोरला मुलगा वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी घरातला पुरुष होतो, आणि घरातला पुरुष सातवीच्या बाकावर बसून कविता पाठ करीत नाही. यांखेरीज कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांची मुले आहेत आणि आठवीनंतर गावात शाळा नाही म्हणून थांबलेल्या मुली आहेत. शिक्षणाच्या हक्काचे छत्र चौदाव्या वर्षी संपते, आणि नेमक्या त्याच वयात घरची ओढ सर्वांत प्रबळ असते.

या मुलांमध्ये एक गोष्ट समान आहे. शाळेबाहेर ती बरेच काही जाणतात. बैलाला दावे कसे बांधावे, कोणत्या बांबूची कांब सोलली असता तुटत नाही, मोहाची फुले कधी गळतात, वेचलेल्या कापसाचे ओझे अंदाजे किती किलो भरेल, हे त्यांना ठाऊक असते. शाळेच्या परीक्षेत मात्र यांपैकी एकही प्रश्न येत नाही.

वर्धा ते पाबळ

हातांच्या द्वारे शिकविण्याचा विचार केळापूरला परका नाही. तो शेजारच्याच जिल्ह्यात जन्मला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस मूलोद्योगी शिक्षणाची योजना मांडली. सात वर्षांचे मोफत शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि एखाद्या हस्तव्यवसायाभोवती गुंफलेले सारे विषय, असे तिचे स्वरूप होते. आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने सेवाग्राम येथे ती प्रत्यक्षात आणली.

ही योजना देशभर फार काळ का टिकली नाही, हे समजून घेणे आजच्या शिक्षकाला अधिक उपयोगाचे आहे. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा, या अपेक्षेवर आरंभापासूनच टीका झाली. शाळेचा कारखाना होईल, अशी भीती व्यक्त झाली. अनेक ठिकाणी तकली तेवढी राहिली आणि तिच्याभोवतीचे गणित, भूगोल, इतिहास गळून पडले. सूत किती निघाले याची नोंद होऊ लागली. मूल काय शिकले याची झाली नाही. शिवाय सुखवस्तू पालकांनी आपली मुले पुस्तकी शाळांत ठेवली आणि उद्योगाची शाळा ही गरिबांची शाळा ठरली. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये ‘कार्यानुभव’ सुचविला, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हा शब्द दिला. नावे बदलत गेली. पुष्कळ शाळांत कार्यानुभवाच्या तासाला राख्या आणि शुभेच्छापत्रे तयार झाली, आणि वर्षअखेरीस सर्वांना जवळपास सारखेच गुण मिळाले.

कोलाम मुलांच्या बाबतीत हा धोका दुप्पट आहे. कोलाम समाजात टोपल्या आणि तट्टे विणण्याची कला पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. तेव्हा कोलाम मुलांना बांबूकाम शिकवावे, ही सूचना कोणालाही सहज सुचते. परंतु जे काम मुलाच्या आजोबांना शाळेविना येत होते, तेच शिकविण्यासाठी शाळा कशाला? टोपली विणून मूल टोपलीपाशीच थांबणार असेल, तर त्या शिक्षणाने त्याला त्याच्या जागी अधिक घट्ट बसविले एवढेच होईल. टोपलीतून ते वर्तुळाच्या क्षेत्रफळाकडे, घनफळाकडे, किमतीच्या हिशेबाकडे आणि पुढे दहावीच्या परीक्षेकडे गेले, तरच तो प्रकल्प शाळेचा.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे ओळखले होते. १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे ग्राम बाल शिक्षा केंद्र १९५७ मध्ये डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे गेले. वारली मुले दिवसभर गुरे राखीत. ती शाळेत येईनात. तेव्हा शिक्षकच कुरणावर गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. पाने, बिया, शंखशिंपले यांवर मोजणी झाली. गुरे राखणे हे शाळेच्या आड येणारे संकट आहे, असे न मानता तोच वेळ आणि तेच ठिकाण शाळेचे केले गेले.

यापुढची पायरी पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, पाबळ या अवर्षणग्रस्त गावी गाठली गेली. डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग हे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात उच्च शिक्षण घेतलेले अन्नतंत्रज्ञ. एका मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रातील जबाबदारीचे पद सोडून त्यांनी १९८३ मध्ये पत्नी मीराताईंसह पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. डॉ. जे. पी. नाईक व डॉ. चित्रा नाईक यांनी स्थापन केलेल्या पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे ते एक केंद्र आहे. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा तेथे घडलेला अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी असून राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली.

त्याची रचना साधी आहे. आठवड्यातील एक दिवस मुले पुस्तके बाजूला ठेवून काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य असे चार विभाग असून प्रत्येक मुलाला, आणि मुलीलाही, चारही करावे लागतात. मुली वेल्डिंग करतात आणि मुलगे स्वयंपाकातील पोषणमूल्ये मोजतात. शिकविणारा माणूस पुष्कळदा गावातलाच कारागीर असतो. कामही गावाच्या गरजेचे असते: कोणाचे फाटक जोडून देणे, मातीची तपासणी, रक्तगट ओळखणे, सिमेंटची टाकी बांधणे. प्रत्येक कामाआधी आकृती काढावयाची आणि नंतर खर्चाचा तपशील मांडावयाचा, हा नियम. माल किती लागला, वेळ किती गेला, मजुरी किती धरावी, वस्तू कितीला पडली, हे मांडल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानले जात नाही. सूत निघाले पण शिक्षण निघाले नाही, ही जी मूलोद्योगी शाळांची उणीव होती, ती या नियमाने भरून निघते.

शाळा सुटलेल्या तरुणांसाठी पाबळला एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रमही चालत आला आहे. डॉ. कलबाग २००३ मध्ये वारले. काम पुढे चालू राहिले. सेवाग्राम येथेही मध्यंतरी बंद पडलेली शाळा २००५ मध्ये आनंद निकेतन या नावाने पुन्हा सुरू झाली असून तेथील मुले भाजीपाला पिकवितात, त्याचा हिशेब ठेवतात आणि त्याच निमित्ताने विज्ञान शिकतात. केळापूरच्या शिक्षकाला एका दिवसात जाऊन पाहून येण्यासारखे हे ठिकाण आहे.

कापसाच्या शेतातील धडा

पाबळचे प्रकल्प जसेच्या तसे केळापुरात आणून चालणार नाही. येथील गरज कापसाची आहे. एक उदाहरण सविस्तर पाहू.

गुलाबी बोंडअळी ही कापसाची मोठी वैरीण. तिच्या पतंगांवर लक्ष ठेवण्यासाठी कामगंध सापळे वापरतात. मादीच्या गंधासारखा गंध असलेली गोळी सापळ्यात बसविली, की नर पतंग आत येऊन अडकतात. पाळत ठेवण्यासाठी एकरी दोन सापळे पुरेसे होतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर उपाय योजण्याची वेळ आली, असा कृषी शास्त्रज्ञांनी ठरवून दिलेला संकेत आहे.

आता हे काम सातवीच्या वर्गाकडे द्यावे. शाळेजवळच्या दोन एकरांत चार सापळे लावले. पहिल्या सकाळी चार सापळ्यांत मिळून २६ पतंग निघाले. सरासरी साडेसहा, धोका नाही. दुसऱ्या सकाळी ३४ निघाले, सरासरी साडेआठ. आता फवारावे का? वर्गात वाद होईल. कोणी म्हणेल, आठ ओलांडले. कोणी म्हणेल, तीन रात्री कोठे झाल्या? सरासरी, दशांश अपूर्णांक, आलेख आणि पुराव्यावरून निर्णय घेण्याची सवय, इतके सारे या एका वादात आहे. ज्या मुलाने वर्गात कधी तोंड उघडले नाही, तो येथे बोलतो, कारण पऱ्हाटी त्याच्या ओळखीची आहे. आणि सायंकाळी घरी जाऊन तो वडिलांना आकडा सांगतो, तेव्हा शाळेचे म्हणून काही उपयोगाचे ज्ञान त्या घरात प्रथमच पोहोचते. एक फवारणी वाचली, तरी त्या घराला शाळेचे मोल पैशांत मोजता येते.

दुसरा प्रकल्प याहून गंभीर आहे. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. कीटकनाशकाच्या डब्यावर एक उभा चौकट-आकार छापलेला असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. ज्या घरातील मोठ्या माणसांना वाचता येत नाही, त्या घरात हा रंग ओळखणारे आणि सूचना वाचून दाखविणारे माणूस शाळेत जाणारे मूलच असते. वर्गाने या रंगांचा मोठा तक्ता करावा, वाऱ्याच्या दिशेने फवारावे की विरुद्ध याचे चित्र काढावे, फवारणीनंतर हात-पाय साबणाने धुण्याची सूचना कोलामी, गोंडी आणि मराठीत लिहावी आणि हे तक्ते कृषी सेवा केंद्राच्या दाराशी व ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावेत. कोलामीला लिपी नसली, तरी देवनागरीत ती लिहिता येते, आणि ते वाक्य वर्गातील कोलाम मुलाखेरीज कोणालाही लिहिता येणार नाही. त्या दिवशी गुरुजी त्याला विचारतील. येथे एक बंधन मात्र कसोशीने पाळावयाचे: मुलांच्या हाती औषधाचे डबे, रिकामे असले तरीही, कधीच द्यावयाचे नाहीत. सारे काम चित्रांवरून व्हावे.

बांबूचा प्रकल्प याच रीतीने करता येतो. पोडावरील एखाद्या जाणत्या वृद्धाला शाळेने गुरू म्हणून बोलवावे. टोपलीच्या तळाचा व्यास आणि काठाचा घेर मोजून भागाकार केला, की कोणत्याही टोपलीसाठी उत्तर तीनाच्या किंचित पुढे येते. हे मुलांनी पाच निरनिराळ्या टोपल्यांवर स्वतः पडताळून पाहावे. नंतर खर्चाचा तपशील मांडावा. विणण्यात गेलेले तास त्यात धरले, की बाजारातील टोपलीची किंमत विणणाऱ्याची दिवसाची मजुरीही भरून काढीत नाही, असे बहुधा मुलांच्याच लक्षात येईल. मग प्रश्न निघेल, असे का? या प्रश्नापाशी प्रकल्प सोडून देऊ नये. वनहक्क कायदा २००६ ने बांबूला गौण वनोपज म्हटले आहे आणि २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला, ही नागरिकशास्त्राची माहिती अशा वेळी कानावर पडली, तर ती विसरली जात नाही. तेंदूपानांचा हिशेबही असाच धडा होऊ शकतो. ७० पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची प्रमाण गोणी. आईने आज किती पुडे बांधले आणि त्यांचे किती झाले, हा गुणाकार पुस्तकातील आंब्यांच्या गुणाकारापेक्षा मूल अधिक काळजीने करते.

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि मुले लाकडी नंदी घेऊन मिरवतात. सुताराच्या मदतीने शाळेतच नंदी घडविण्याचा प्रकल्प लहान वर्गांना पुरेसा आहे. पहिल्याच वर्षी सारे काही करावयास जाऊ नये. दोन प्रकल्प नीट झाले, तरी पुष्कळ झाले.

पाठराखा

प्रकल्पाने मूल शाळेत रमते. परंतु वडील वारले त्या आठवड्यात, किंवा बहिणीचे लग्न ठरविण्याची कुजबूज घरात सुरू झाली त्या रात्री, सापळ्यातील पतंगांचा काही उपयोग नसतो. तेथे माणूस लागतो.

हवाई बेटांपैकी कौआई या बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ विदुषीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातील कलह, आईबापांचे आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे समर्थ व समाधानी प्रौढ झाली. या मुलांच्या आयुष्यात आढळलेल्या समान गोष्टींपैकी एक अशी, की कोणी तरी एक मोठे माणूस त्यांच्याशी जिव्हाळ्याने बांधलेले होते. ते माणूस आईवडीलच असे नाही. कोणाची आजी, कोणाचे शिक्षक, कोणाचे शेजारी. साताऱ्याच्या वसतिगृहात कर्मवीर भाऊराव पाटील मुलांना ‘कमवा व शिका’चा धडा देत होते, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून त्या मुलांच्या जेवणाची सोय केली होती. श्रम आणि माया या दोहोंवर ते वसतिगृह चालले.

शाळेत अशा माणसाला ‘पाठराखा’ म्हणावे. एका पाठराख्याकडे पाच-सहापेक्षा अधिक मुले नसावीत. तो शिक्षकच असावा असे नाही. अंगणवाडी सेविका, निवृत्त तलाठी, महाविद्यालयात शिकणारी गावची मुलगी, पोडाचा नाईक, यांपैकी कोणीही चालेल. कोलाम मुलांसाठी कोलामी बोलणारा मिळाला, तर दुसरी कोणतीही पात्रता पाहू नये. त्याने करावयाचे ते थोडेच आहे. मूल तीन दिवस सलग दिसले नाही, की चौथ्या दिवशी त्याच्या घरी जावे. आठवड्यातून एकदा अर्धा तास त्याच्याशी बोलावे, आणि त्यातला बराचसा वेळ ऐकण्यात घालवावा. एका वहीत दोन ओळी लिहाव्यात. आश्वासने देऊ नयेत, पैसे उसने देऊ नयेत, आणि आईवडिलांना उपदेश करू नये. वेचणीच्या दिवसांत आलेल्या माणसाने उपदेश केला, तर दुसऱ्या दिवशी ते दार बंद असते.

वेचणीचा प्रश्न तडजोडीनेच सुटतो. वर्ग चुकू नये यासाठी घराशी बोलून वेळ ठरवावी. चुकलाच, तर परतलेल्या मुलासाठी आठ दिवस सकाळचा एक जादा तास ठेवावा आणि आज वर्ग कोठे आहे, हे वर्गमित्राने त्याला समजावून द्यावे. हे फार मोठे काम नाही. पण ते कोणाकडे तरी नेमून दिलेले असावे लागते. सर्वांचे काम म्हणून सोडले, तर ते कोणीच करीत नाही.

काही गोष्टी पाठराख्याच्या आवाक्याबाहेरच्या असतात आणि त्या त्याने स्वतःकडे ठेवू नयेत. बालविवाहाची चाहूल लागली, तर गावपातळीवर ग्रामसेवक हा प्रतिबंध अधिकारी असतो. मुलावर अत्याचार झाल्याचा संशय आला, तर २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार त्याची माहिती देणे बंधनकारक आहे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे. पाठराख्याची निवड करतानाही काळजी घ्यावी. मुलांशी बोलणे शाळेच्या पडवीत, चारचौघांच्या नजरेसमोर व्हावे. चांगल्या हेतूला नियमांची गरज नसते, असे मानणे धोक्याचे आहे.

छत्र हरपलेल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे आणि २०२३ मध्ये तिच्या अनुदानात वाढ होऊन ते दरमहा २,२५० रुपये झाले. अर्जासाठी लागणारे कागद जमविताना अडाणी आई थकून जाते. मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला, बँकेचे खाते, या तीन खेपा तिच्याबरोबर घालणे, ही पाठराखणीतील कदाचित सर्वांत उपयोगी गोष्ट ठरेल. तिच्याविषयी कोणी भाषण करणार नाही. पण त्या दोन हजार रुपयांनी मुलाची मजुरी टळू शकते.

ग्रामपंचायत आणि शाळा

पैशाचा प्रश्न निघतोच. कामगंध सापळे, मोजपट्ट्या, करवत, पक्कड, तागडी, बांबू सोलण्याची हत्यारे, एवढ्याने दोन्ही प्रकल्प सुरू होतात. केळापूर तालुक्यातील अनुसूचित क्षेत्रात येणाऱ्या गावांना पेसा कायद्याचा लाभ आहे. आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के रक्कम अशा ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय राज्याने २०१५ मध्ये घेतला आणि ज्या बाबींवर ती खर्च करता येते, त्यांत आरोग्य व स्वच्छता यांच्या बरोबरीने शिक्षणही आहे. कशावर खर्च करावयाचा, हे ग्रामसभा ठरविते. रस्त्याच्या आणि सभामंडपाच्या कामांच्या यादीत शाळेच्या हत्यारांचा ठराव आजवर मागे पडत आला असेल, तर तो मांडणारा सदस्यच नव्हता, हे एक कारण असू शकते. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असावेत, असा कायदा आहे; त्यांपैकी एखाद्या पालकाने ठराव मांडला, तर त्याला अधिक वजन येते.

शासकीय धोरणाची बाजूही अनुकूल आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची आणि त्या काळात स्थानिक कारागिरांकडे काम शिकण्याची शिफारस आहे. हे दहा दिवस सलग घालवून सहल काढण्यापेक्षा, वेचणीच्या आधी आणि नंतर विभागून प्रकल्पांना दिले, तर शिक्षकाला निराळी परवानगी मागण्याची गरज पडू नये. आश्रमशाळांत मुले मुक्कामालाच असल्याने तेथे सायंकाळचा वेळही हाताशी असतो. पांढरकवडा येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने एखाद्या आश्रमशाळेपासून आरंभ केला, तर जिल्हा परिषद शाळांना पाहण्यासाठी जवळचे उदाहरण मिळेल.

यश कशाने मोजावे, हे आधीच ठरवून ठेवावे. प्रकल्पाच्या प्रदर्शनाला किती पाहुणे आले, याने नव्हे. दिवाळीनंतरच्या महिन्यातील हजेरी मागील वर्षापेक्षा किती वाढली, आणि आठवी उत्तीर्ण झालेल्यांपैकी किती मुलांनी, त्यांतही किती मुलींनी, नववीत प्रवेश घेतला, हे दोन आकडे मुख्याध्यापकाने दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवावेत. आकडा घसरला, तरी वाचावा.

वेळापत्रकाची एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. गुलाबी बोंडअळीचे पतंग फुलोऱ्याच्या सुमारास दिसू लागतात. तेव्हा सापळे ऑगस्टच्या अखेरीस शेतात उभे राहावयास हवेत. त्यासाठी साहित्य खरेदीचा ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत संमत झालेला असावा, आणि पाठराख्यांची नेमणूक त्याही आधी, जूनमध्ये, शाळा उघडते त्याच आठवड्यात व्हावी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत हा विषय पुढे ढकलला, तर हत्यारे हाती येईपर्यंत शेतात पहिली वेचणी सुरू झालेली असते.